हिशोब म्हणतो कॉल, मन म्हणतं पॅक: पोकरमधली नेहमीची अडचण आणि तिची दुरुस्ती

तक्रार बहुतेक याच शब्दांत येते: "हिशोब करून खेळलो तरी बुडालो, मनाचं ऐकलं तरी बुडालो." सांगली-मिरजेकडे गोकुळाष्टमी नाहीतर गौरी-गणपतीचं जागरण म्हटलं की चटईवर पत्त्यांचा कॅट आलाच. पूर्वी तीनपत्ती किंवा रमी असायची, आता पोरं टेक्सास होल्डेम पोकर लावतात. दोन पत्ते हातात, पाच मध्ये उघडे. नियम अर्ध्या तासात कळतात. अडतं ते शेवटच्या चालीवर: समोरच्याने ढीगभर चिंचोके सरकवलेत, आकडे सांगतात बघ, म्हणजे कॉल, तेवढेच चिंचोके घालून पत्ते बघायचे; मन सांगतं सोड, म्हणजे पॅक, डाव टाकून द्यायचा.

आधी एक गोष्ट. हे सगळं चिंचोक्यांवर खेळायचं. पैसे लावून खेळायला 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आडवा येतो आणि 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांनाही बंदी घातली आहे. शिवाय पुढचे काही उपाय बिनपैशाच्या खेळातच चालतात.

मन आणि हिशोब यांच्यात भांडण आहे असं वाटतं, पण बहुतेक वेळा भांडण नसतंच. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. हिशोब सांगतो की बघण्यासाठी जिंकण्याची शक्यता किमान किती लागते. मन सांगतं की समोरच्याच्या हातात काय असेल. एक भाव आहे, दुसरा अंदाज. भाव माहीत नसताना अंदाजावर उठलात तरी चूक आणि अंदाज न करता भाव घोकलात तरी चूक.

सगळ्यात जास्त होणारी गफलत ही: "मला वाटतं तो जिंकतोय, म्हणून पॅक." पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 60 चिंचोके आहेत आणि त्याने 30 लावले. तुम्हाला 30 घालायचेत, घातल्यावर पॉट होतो 120. म्हणजे 30 भागिले 120, 25 टक्के. चारातला एक डाव जिंकलात तरी बरोबरीत सुटता. तो जिंकतोय असं वाटणं अगदी खरं असेल, 100 पैकी 70 वेळा तो जिंकतही असेल, तरी कॉल बरोबर आहे. मनही खरं, हिशोबही खरा. हे भाव पाठच करून टाका: पॉटच्या एक तृतीयांश चाल आली तर 20 टक्के लागतात, निम्मी आली तर 25, पूर्ण पॉटएवढी आली तर 33, दुप्पट आली तर 40. चाल कितीही मोठी असो, 50 टक्के कधीच लागत नाहीत. म्हणून शेवटच्या पत्त्यानंतर "जास्त करून हरतोय" एवढ्यावर पॅक करायचं नाही. किती जास्त, ते विचारायचं.

मन कोणत्या खेळात तयार झालंय ते आधी तपासा

आपल्याकडची बरीच मंडळी लहानपणापासून तीनपत्ती खेळलेली असतात आणि त्यांचं मन त्या खेळाच्या मापाने मोजतं. तीन पत्त्यांच्या 22,100 जुळण्या होतात. त्यांत साधी जोड 3,744 वेळा येते, म्हणजे सुमारे 17 टक्के. जवळजवळ 74 टक्के वेळा हातात काहीच नसतं, नुसता मोठा पत्ता. तिथे राजांची जोड घेऊन छाती काढून चाल करणं योग्यच. होल्डेममध्ये सातांतले पाच पत्ते निवडायचे असतात. पाचही मधले पत्ते उघडल्यावर कोणाही एकाच्या हातात काहीच नसण्याची शक्यता साधारण 17 टक्के राहते. एक जोड सुमारे 44 टक्के वेळा, आणि दोन जोड्या किंवा त्याहून वरचं काहीतरी 39 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तीनपत्तीतलं "काहीच नाही" आणि होल्डेममधलं "एक जोड" यांची पायरी जवळपास सारखीच. राजांच्या जोडीवर मन "मारला डाव" म्हणत असेल, तर ते जुन्या खेळातलं बोलतंय.

दुसरा गोंधळ कलर (सगळे पत्ते एकाच रंगाचे) आणि सिक्वेन्स (ओळीने आलेले पत्ते) यांचा. तीनपत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर, कारण तीन पत्त्यांत सिक्वेन्स 720 वेळा होतो आणि नुसता कलर 1,096 वेळा. पाच पत्त्यांत हे उलटतं: 25,98,960 जुळण्यांत सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. म्हणून पोकरमध्ये कलर मोठा. हा नियम तोंडपाठ असणारेही रात्री दोन वाजता मध्ये तीन बदाम पडलेले असताना सिक्वेन्सवर सगळं लावून बसतात. नियम डोक्यात असतो, हात जुन्या सवयीने चालतो. उपाय साधा आहे. पहिले काही आठवडे कोणता हात कोणाच्या वर त्या पायऱ्यांची चिठ्ठी समोर ठेवा आणि चाल करण्याआधी मोठ्याने नाही तर मनातल्या मनात म्हणा, "मला हरवणारे हात कोणते?"

हिशोबच चुकीचा असेल तर

बरेचदा मन बरोबर असतं आणि "हिशोबाने खेळलो" म्हणणाऱ्याचा हिशोब चुकलेला असतो. प्रचलित गणित असं: उपयोगी पत्ते मोजा. पुढचा एकच पत्ता बघायचा असेल तर 2 ने गुणा, दोन पत्ते बघायचे असतील तर 4 ने. चार बदाम झालेत, पाचवा हवाय, तर उपयोगी पत्ते 9. एका पत्त्यात 19 टक्के, दोन पत्त्यांत 35. सिक्वेन्सला दोन्ही टोकं उघडी असतील तर 8 पत्ते, म्हणजे 17 आणि 31.5. मधलं एकच भोक भरायचं असेल तर 4 पत्ते, 8.5 आणि 16.5. पत्ते 8 च्या वर गेले की 4 ने केलेला गुणाकार फुगतो. तेव्हा 8 च्या वर जितके पत्ते असतील तेवढे टक्के वजा करा. 15 पत्त्यांना 60 येतात, 7 वजा केले की 53, खरा आकडा 54.

चूक होते ती 4 कधी वापरायचा यात. फ्लॉपनंतर, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते उघडल्यावर, 30 चिंचोके देऊन तुम्ही एकच पत्ता विकत घेताय. टर्नवर, म्हणजे चौथ्या पत्त्यावर, तो पुन्हा चाल करणार, तेव्हा दुसऱ्या पत्त्याचे वेगळे द्यावे लागणार. 4 ने गुणायचं ते फक्त कोणा एकाचे सगळे चिंचोके आत गेलेले असतील आणि पुढे चालच उरली नसेल तेव्हा. हा एक बदल केला तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

वरच्याच उदाहरणात बघा. पॉट 60, त्याची चाल 30, तुमच्याकडे चार बदाम. लागतात 25 टक्के, एका पत्त्यात मिळतात 19. नुसत्या आकड्यांवर हा पॅक आहे. पण थांबा, कारण मनाचा खरा उपयोग इथेच होतो. न दिसलेले पत्ते 47. त्यांतल्या 9 वर तुम्ही जिंकता, 38 वर नाही. 38 वेळा 30 गेले, म्हणजे 1,140. 9 वेळा 90 आले, म्हणजे 810. तूट 330, ती 9 जिंकलेल्या डावांतून भरून काढायची तर दर डावाला 37 चिंचोके जास्तीचे यायला हवेत. आता प्रश्न एकदम छोटा झाला: तिसरा बदाम मध्ये पडल्यावर हा गडी मला अजून 37 देईल का? समोर "काय हाय ते बघू की" म्हणत प्रत्येक चाल बघणारा बसला असेल तर देईल, कॉल करा. बदाम पडताच पत्ते फेकणारा असेल तर नाही. याचं उत्तर कुठल्याही कोष्टकात नाही, ते तुम्ही तासभर त्याच्याकडे बघून मिळवलेलं असतं. आणि मुळात त्याच्यापुढे 37 शिल्लक तरी आहेत का, ते बघून घ्या. हे फार जण विसरतात.

उपयोगी पत्ते मोजताना "घाणेरडे" पत्ते वजा करायलाही शिका. तुमचा सिक्वेन्स होतोय, पण मध्ये दोन बदाम आहेत आणि तुमच्या 8 पत्त्यांतले दोन बदामाचे आहेत. ते पडले तर तुमचा सिक्वेन्स आणि दुसऱ्याचा कलर. समोरचा बदामावर असावा असं मन सांगत असेल तर 8 नाही, 6 धरा.

शेवटच्या पत्त्यावर: मनाला आकड्यात बसवणं

रिव्हर, म्हणजे मधला पाचवा पत्ता, उघडला की शक्यतेचं गणित संपतं. आता जो तो जिंकलेला आहे किंवा हरलेला. तरीही "टक्के किती" हा प्रश्न उरतोच, आणि तो सोडवायची पद्धत जुळण्या मोजण्याची. हे एकदा कागदावर नीट करा. दहा-बारा वेळा केलं की चटईवर बसूनही साधारण जमतं.

मध्ये पडलेत: किलवर राजा, बदाम नव्वी, बदाम छक्की, इस्पिक चव्वी, चौकट दुर्री. तुमच्या हातात चौकट राजा आणि चौकट राणी. पॉट 80, त्याने 80 लावले. पूर्ण पॉट, म्हणून 33 टक्के लागतात.

तुम्हाला हरवणारे कोण? सगळे नाही, त्याच्याकडे असण्याची जास्त शक्यता असलेलेच धरू. एक्का-राजा: उरलेले राजे 2, एक्के 4, म्हणून 8 जुळण्या. नव्व्यांची तिकडी: तीन नव्व्या उरल्यात, त्यांतल्या दोन निवडायच्या, 3 जुळण्या. छक्क्यांची तशीच, 3. राजा-नव्वी, दोन जोड्या: 2 गुणिले 3, म्हणजे 6. एकूण 20.

तुम्ही ज्याला हरवता तो कोण? बदामाचा कलर करायला निघाला होता आणि झाला नाही तो. बदाम एक्का आणि त्याबरोबर बदामाची राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, सत्ती, पंजी किंवा तिर्री: 7 जुळण्या. बदाम राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी आणि अठ्ठी-सत्ती: अजून 4. एकूण 11.

20 हरवणाऱ्यांच्या विरुद्ध 33 टक्के व्हायला 10 फसव्या जुळण्या लागतात. त्याच्याकडे जास्तीत जास्त 11 आहेत. म्हणजे कलर हुकलेल्या जवळपास प्रत्येक डावात तो ब्लफ मारत असेल, हातात काही नसताना चाल करत असेल, तरच कॉल फायद्याचा, 11 भागिले 31, साडेपस्तीस टक्के. निम्म्या वेळाच मारत असेल तर साडेपाच भागिले साडेपंचवीस, जेमतेम 21.5 टक्के. सरळ पॅक.

मनाला विचारायचा प्रश्न आता एकच राहिला: हा माणूस कलर हुकला की शेवटी मोठी चाल करतो, का गप्प चेक करून, म्हणजे काही न लावता, पत्ते टाकतो? "त्याच्या डोळ्यांत दिसत होतं" असल्या मोघम उत्तरापेक्षा याचं उत्तर आठवणीतून देता येतं. आज रात्री त्याचा हुकलेला कलर कितीदा उघडा झाला आणि त्याआधी त्याने काय केलं होतं?

मग मनाला थोडं ताणून बघा. समजा तो जपून खेळणारा आहे, राजा-नव्वी फक्त एकाच रंगाची असेल तरच खेळतो. बदाम नव्वी मध्ये आणि चौकट-किलवर राजे गेलेले, म्हणून इस्पिकची एकच जुळणी उरली. हरवणारे 20 चे 15 झाले. निम्मे ब्लफ धरले तर 27 टक्के. अजूनही पॅकच. म्हणजे राजा-नव्वीबद्दल तुमचा अंदाज चुकला तरी निर्णय बदलत नाही, ब्लफबद्दलचा चुकला तर बदलतो. एवढं कळलं की पुढच्या तासात कशाकडे लक्ष ठेवायचं तेही कळतं. एका जागी आकडा हलवून निर्णय उलटतो का ते बघणं, हा सगळ्या दुरुस्तीतला सर्वांत कामाचा भाग आहे. बाकीचं नाही जमलं तरी एवढं करा.

मनाचा आवाज खोटा असतो तेव्हा

"तीन डाव गेले, आता तरी येईल." पत्ते नीट पिसून वाटले की मागच्या डावाशी त्यांचा संबंध संपला. चालू डावात दिसलेले पत्ते मात्र मोजायचेच. या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका.

"त्याने मघाशी मला फसवलं, आता बघतोच." हा अंदाज नव्हे, राग आहे. ओळखण्याची खूण: मनात समोरच्याच्या पत्त्यांऐवजी त्याचा चेहरा आणि मघाचं हसणं येतं. कोणत्या जुळण्या, असं स्वतःला विचारलं आणि एकही नाव घेता आलं नाही, तर मनाला शून्य वजन द्या आणि नुसत्या भावावर निर्णय घ्या.

हात थरथरताना दिसला की लोक ब्लफ समजतात. नवख्यांच्या बाबतीत सहसा उलट असतं, मोठा हात आला की थरथर सुटते. मध्ये पत्ते पडताच स्वतःच्या चिंचोक्यांकडे नजर जाणं हीदेखील बहुतेक वेळा ताकदीची खूण. तरी अशा एका खुणेवर अंदाज पाच-दहा टक्क्यांहून जास्त हलवू नये. त्याने आधी चाली कशा केल्या, याचं वजन चेहऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

"एक्क्यांची जोड माझी नेहमी बुडते." यात मनाचा दोष कमी, बैठकीचा जास्त. एक्क्यांची जोड एका अनोळखी हातासमोर 85 टक्के जिंकते. तिघांसमोर 64, पाच जणांसमोर 49. जागरणाच्या बैठकीत सगळेच शेवटपर्यंत बसून राहतात, म्हणजे निम्म्या वेळा ती बुडणारच. पत्ते पडण्याआधी चाल एवढी वाढवा की सोबत एखाद-दोघेच उरतील. त्याच कारणाने अशा बैठकीत ब्लफ चालत नाही. निम्म्या पॉटचा ब्लफ तीनांत एकदा, पूर्ण पॉटचा दोनांत एकदा तरी खपायला हवा. जिथे कोणी पॅकच करत नाही, तिथे तो चारांतही एकदा खपत नाही.

बैठकीतले दोष

पत्ते नीट पिसले जात नाहीत. डॉव्हटेल पद्धतीने, म्हणजे दोन गठ्ठे एकमेकांत सोडून, 7 वेळा पिसले तर कॅट पुरेसा मिसळतो. हे 1992 साली डेव्ह बेअर आणि पर्सी डायकोनिस यांनी गणिताने दाखवून दिलं. आपल्याकडे हातावर वरून खाली टाकत चार-पाच वेळा पिसतात, त्यात मागच्या डावाच्या जोड्या चिकटूनच राहतात. मग "आज राण्या एकत्र येतायत" हा भास पूर्ण भास नसतो. पत्ते चटईवर पालथे पसरा, दोन्ही हातांनी मिनिटभर गोल फिरवा, गोळा करा आणि मग पिसा.

भडंगाची परात कॅटापासून लांब ठेवा. तेलकट बोटाचा डाग एक्क्याच्या पाठीवर बसला की पुढे तासभर कोणाचं तरी "मन" अचूक चालायला लागतं. डागाळलेला कॅट बदला, प्लास्टिकचे पत्ते मिळाले तर उत्तम.

मोजणीला बेदाणे घेऊ नका. सांगलीत ते घरात असतातच, पण अर्ध्या रात्रीत निम्मे पोटात जातात, भाव बदलत राहतो आणि कोणालाच काही गमावल्यासारखं वाटत नाही. असं झालं की सगळे काहीही बघतात आणि तुमचे सगळे अंदाज चुकतात. चिंचोके किंवा शर्टाची बटणं घ्या, प्रत्येकाला 200, ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायचेच ते चिंचोके) 1 आणि 2. पॉटमध्ये दहा-दहाच्या ढिगल्या लावा. पॉट मोजता आला नाही तर भावही काढता येत नाही.

मनाची तपासणी कशी ठेवायची

मन सुधारत नाही याचं एक कारण असं की पॅक केलेल्या डावात समोर काय होतं ते कधी कळतच नाही. बिनपैशाच्या खेळात यावर इलाज आहे: डाव संपला की शेवटी उरलेल्या दोघांनी, म्हणजे पॅक करणाऱ्याने आणि करायला लावणाऱ्यानेही, पत्ते उघडायचे, असं बसतानाच ठरवून घ्या.

एक छोटी वही जवळ ठेवा. रिव्हरवर मोठी चाल आली की पत्ते उघडण्यापूर्वी तीन गोष्टी लिहा: किती टक्के लागत होते, मन किती टक्के म्हणालं आणि तुम्ही काय केलं. उघडल्यावर जिंकत होतो का हरत होतो, ते लिहा. आधी लिहिणं महत्त्वाचं. नंतर लिहिलं की प्रत्येकाला आधीपासून माहीतच असतं.

चाळीसेक नोंदी झाल्या की गटांत मांडा. जिथे मन 20 ते 40 टक्के म्हणालं, तिथे खरंच दहातले तीनएक डाव तुमचे होते का? पाच-सहा निघाले तर तुम्ही घाबरून पॅक करता, यापुढे मनाच्या आकड्यात 20 मिळवूनच भावाशी ताडा. एखादाच निघाला तर उलटं. एका गटात पाच-सातच नोंदी असतील तर अजून थांबा, तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. खेळाडूनुसार वेगळी पानं करा, कारण बहुतेकांचं मन एखाद्या ठराविक माणसासमोरच चुकतं, आणि तो माणूस बहुधा मेव्हणा असतो.